बाहुलं कोणाला?

एकही सिनेमा शेवटपर्यंत न पाहता सिनेमाच्या बक्षिसांवर जन्मभर पैजा लावणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघावा, हा योग माझ्या पत्रिकेत कुठल्या ग्रहाने घातला ते मला अजून कळलेलं नाही. मखमलाबादच्या पुढे मामांचा गुलाबाचा मळा आहे. माणूस उंच, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. थिएटरात दिवे गेले की मामांची मान डाव्या खांद्यावर जायची, ती मध्यंतरात सामोशाच्या वासाने सरळ व्हायची आणि मध्यंतर संपलं की उजव्या खांद्यावर जायची. मात्र बक्षिसांचा मोसम आला की हाच माणूस फूलबाजारात, न्हाव्याकडे, मिसळीच्या टेबलावर, जिथे माणसं भेटतील तिथे विचारत सुटायचा, "बोला, यंदा बाहुलं कोणाला?" अमेरिकेत त्या मोठ्या सोहळ्यात सोनेरी पुतळा देतात, त्याला मामा बाहुलं म्हणत. पुढे आपल्याकडच्या हिंदी बक्षिसांनाही ते बाहुलंच म्हणू लागले. त्यामुळे पैज नेमकी कुठल्या देशातल्या बाहुल्यावर लागली आहे, इथपासूनच माझा गोंधळ सुरू व्हायचा.

आणि मला गोंधळून चालण्यासारखं नव्हतं, कारण मामांच्या पैजांचा मी पंच होतो. मी पंचवटीत एका शाळेत भूगोल शिकवतो आणि माझ्या फोनवर जगातल्या बातम्या लवकर येतात, एवढ्या दोन पात्रतांवर मामांनी माझी नेमणूक केली होती. आपल्याकडे हिंदी सिनेमाला बक्षिसं देणारे सोहळे कितीतरी, आणि प्रत्येकाचा उत्कृष्ट नायक वेगळा. मामांनी ज्याचं नाव घेतलं असेल तो त्यातल्या एखाद्यात हमखास जिंकायचा, समोरच्याचाही दुसऱ्या एखाद्यात जिंकायचा, आणि दोघंही पेढ्याचे पुडे घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. अमेरिकेच्या बाहुल्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडलेली असते. एकदा मामांनी सोमवारी दुपारी, निकाल ऐकून झाल्यावर, पैज लावली आणि वर मलाच विचारलं, "तिथं अजून रविवार हाय ना? मग अजून निकाल लागलाच नाय!" मी फळ्यावर पृथ्वी काढून शिकवणारा माणूस, पण त्या दिवशी मामांपुढे हात टेकले.

पैजेत पैसा आणायचा नाही हा मात्र त्यांचा कडक नियम. "पैशाची पैज म्हंजे जुगार. दुसरी पैज म्हंजे सोयरीक," असं ते म्हणत. त्यामुळे त्यांच्या पैजा भलत्याच गोष्टींच्या असायच्या. माझ्याच लग्नाआधी त्यांनी न्हाव्याशी मिशांची पैज लावली आणि ते हरले. लग्नाच्या फोटोत बायकोच्या शेजारी एक गुळगुळीत गृहस्थ उभे आहेत. आमच्याकडची मंडळी अजून विचारतात, "हे कोण?" एकदा शेजारच्या मळ्यातल्या शेवंतीवाल्यांनी हरल्यास त्र्यंबकेश्वरापर्यंत अनवाणी चालत जायचं कबूल केलं. ते हरले. ते नीट चालतात की नाही हे बघायला मामाही बरोबर निघाले, आणि सोबत म्हणून त्यांनीही चपला काढून ठेवल्या. अर्ध्या वाटेत शेवंतीवाल्यांच्या टाचेला फोड आला, ते एका टेम्पोत बसून परत गेले. मामा मात्र "सुरू केलेली पैज अर्धी टाकू नये" म्हणत त्र्यंबकपर्यंत चालत गेले, दर्शन घेऊन आले आणि आठवडाभर पाय गरम पाण्यात बुडवून बसले. ती पैज कोण जिंकलं, ते पंच असूनही मला आजतागायत सांगता येणार नाही.

सगळ्यात मोठं कोडं म्हणजे मामा बऱ्याचदा जिंकायचे. इंग्रजी ओ की ठो कळत नाही, सिनेमा पाहिलेला नाही, आणि तरी फोनवर नटांच्या सिनेमांतले तुकडे लावले की डोळे मिटून ऐकायचे आणि बोट वर करायचे, "हा!" मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "बाकीचे दाढ दुखल्यागत रडत्यात. हा आतून रडतोय." डोळे मिटून ऐकणं ही मला त्यांची लकब वाटायची. ती लकब नव्हती हे मला एका दुपारी कळलं. मळ्यातल्या अंगणात दोरीवर माझा सदरा वाळत होता आणि मामा त्या सदऱ्याला हात जोडून म्हणत होते, "या जावईबापू, उन्हात काय उभे? आत बसा." मी मागे ओट्यावरच बसलो होतो. मामींनी मला खूण केली, आत बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. डॉक्टर म्हणतो लगेच करा. हे म्हणत्यात, पिकू दे. पिकल्याबिगर काढणी करू नये म्हणे. डोळा हाय का द्राक्षाचा घड?"

मामांना खरं तर भीती वाटत होती. पण ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि ते वदवून घेणं मामींच्या स्वभावात नव्हतं. मग त्या फेब्रुवारीत मामा मोटरसायकलसकट पाटात गेले. पाटाला पाणी कमी होतं म्हणून खरचटण्यावर निभावलं. चिखलाने माखलेल्या मामांना मामींनी अंगणात बसवलं, त्यांच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतलं आणि चौथ्या-पाचव्या तांब्याला त्या एकदम म्हणाल्या, "मी पैज लावते."

मामा पाणी निथळत वर बघत राहिले. साऱ्या संसारात मामींनी कधी पैज लावली नव्हती.

"यंदाचं बाहुलं. नटाचं. मी जिंकले तर डोळ्यांचं ऑपरेशन करायचं. निमूट."

"आन् मी जिंकलो तर?"

"तर मी जल्मात डोळ्यांचं नाव काढणार नाय."

मला बोलावणं आलं. अमेरिकेच्या बाहुल्यासाठी नाव आलेल्या पाचही नटांचे तुकडे मी फोनवर लावले. मामांनी डोळे मिटून ऐकले आणि एका म्हाताऱ्या नटावर बोट ठेवलं. त्याचं नाव त्यांनी तीन-चार वेळा घोळवून पाहिलं आणि शेवटी ते "मारुती" असं बाहेर पडलं. मामींनी फोन हातात घेऊन पाचही चेहरे नीट पाहिले आणि एका कोवळ्या नटाकडे बघून म्हणाल्या, "हा पोरगा. आईच्या वळणावर गेलाय." निवडीचं हे कारण ऐकून मी मनात म्हटलं, मामी, हरलात.

आणि तसंच झालं. त्या सोमवारी पहाटे मी मळ्यावर हजर होतो. मामा फोनला कान लावून बसलेले, मामी उभ्याच. निकालाचं पाकीट फुटलं, नाव घेतलं गेलं, टाळ्या झाल्या. मामांनी विचारलं, "मारुती?" मी म्हटलं, "मारुती." नेहमीसारखी मामांची आरोळी आली, पण ती मध्येच कुठेतरी बसली. मामी "बरं" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मामींनी शब्द पाळला. मामा उंबऱ्याला अडखळले तरी त्या गप्प. मामांनी भाजीच्या ताटलीऐवजी पाटावर हात फिरवला तरी त्या नुसती ताटली पुढे सरकवायच्या. मी मुद्दाम विषय काढला तर त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. घरात कुणी भांडत नव्हतं, कुणी रुसलं नव्हतं, तरी मी जेवायला थांबायचं टाळू लागलो.

मग एका सुट्टीच्या सकाळी मामा रिक्षा करून माझ्या घरी आले. टॉवेलने घाम पुसत बसले आणि पाण्याला हातही न लावता म्हणाले, "पंच, मला अपील करायचंय. ती पैज मी हरलो."

"मामा, तुम्ही जिंकलात."

"कसा? मी नाव काय घेतलं होतं?"

"मारुती."

"त्या पाचात मारुती नावाचा कोणी होता?"

मी गोंधळलो. "तसा... नव्हता."

"मग? जो नटच नाय त्याच्यावर पैज लावणारा जिंकंल कसा?"

"पण मग मामींचाही नट हरलाच की."

"तिनं नाव कुठं घेतलं? ती म्हणली, 'हा पोरगा'. पोरगा होता का त्या पाचात? होता. म्हंजे तिची पैज पक्की, माझी बाद. एकच पैज उरली, ती जिंकली."

या युक्तिवादात काहीतरी चुकत होतं, पण काय ते मला सापडेना. जिंकलेल्या माणसाने हरण्यासाठी वाद घातलेला मी तोवर पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मामा, खरं सांगा, झालं काय?" ते बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "आज पहाटं कात्रीचा आवाज आला. मी काल कापलेला माल ती बसून निवडत होती. मी कच्च्या कळ्या कापतोय, जावईबापू. किती दिवसांपासून कोण जाणे. विचारलं, काय करतीस? म्हणली, काय नाय, झोपा तुम्ही." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बोलली असती तर मी भांडलो असतो."

मी मामांना घेऊन त्याच रिक्षातून मळ्यावर गेलो आणि निकाल फिरवल्याचं जाहीर केलं. मारुतीची सगळी हकिकत मामींनी हातातली पालेभाजी न सोडता ऐकून घेतली. "असलं कसलं जिंकणं," एवढंच म्हणाल्या. पण त्यांच्या हातून निवडलेली मेथी आणि काड्या एकाच टोपलीत पडत होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी मामांनी माझा हात असा धरला होता की माझी अंगठी बोटात रुतली. एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला निरखलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचे केस कुठं गेले?" सगळे हसले. मग त्यांनी मामींकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. मामी पदर सारखा करत म्हणाल्या, "काय बघताय?" मामा म्हणाले, "काय नाय. चल घरी."

त्यानंतरच्या वर्षी बाहुल्याचा मोसम आला तरी मामांचा फोन आला नाही. मला वाटलं, विसरले असतील. सोहळ्याच्या आदल्या दिवशी मीच मळ्यावर गेलो. मामा आणि मामी टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा बघत होते, आणि मामांची मान सरळ होती. मी म्हटलं, "मामा, यंदा बाहुलं कोणाला?"

"नाय लावत आता."

"का? आता तर नीट दिसतं!"

"म्हणूनच," मामा म्हणाले. "परवा टीव्हीवर मागच्या वर्षीचं दाखवत होते. पाकीट फुटतं ना, तवा पाचही जणांची तोंडं एकदम दाखवत्यात. एकाचं नाव घेत्यात. बाकीचे चौघं हसत्यात आन् टाळ्या वाजवत्यात. मला इतकी वर्षं नुसत्या टाळ्याच ऐकू यायच्या हो."

सिनेमा पुढे चालू राहिला. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. मामांनी फाटकापर्यंत येऊन माझ्या हातात गुलाबांची जुडी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग आली. फोनवर निकाल आला, मी नाव वाचलं, आणि ते कोणाला सांगावं हे न कळून बराच वेळ तसाच अंथरुणात बसून राहिलो.