छुईने झाकलेली भिंत
भिंती पोतायच्या पांढऱ्या छुईमातीचा ओला वास आला, की सिहोऱ्याचं आमचं विकलेलं घर आठवतं. दर पावसाळ्यात शेजारच्या तळ्याचं पाणी मागच्या खोलीत शिरायचं. भिंतीवरचे डाग मी छुईने पोतून झाकले होते. घर पाहायला चिखल्याच्या खाणीतला कामगार बायकोला घेऊन आला. सारा जन्म कंपनीच्या खोलीत काढलेला, स्वतःचं घर हे पहिलंच. तो भाव पाडू लागला. ती पांढऱ्या भिंतीकडे बघत म्हणाली, “भाऊ, पावसाचं पाणी आत येते का जी?” “नाही,” मी म्हणालो. ती नवऱ्यावरच उखडली, “मंग कायले घासाघीस करून राहिले? भाऊ खोटं बोलन का?” तो हसला आणि मी सांगितलेल्या किमतीला कबूल झाला. निघताना ती म्हणाली, “दिवाळीले या जी, बहिणीचं घर समजून.” बारा दिवाळ्या झाल्या, मी गेलेलो नाही.