साखरपुड्यातली सर्वसाधारण सभा

मुलीच्या साखरपुड्यात मी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा घेतली, हे मी कबूल करतो.

मुरबाडमधल्या आमच्या बारा घरांच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. नियम असा, की चौदा दिवस आधी नोटीस लावायची आणि सभेला किमान आठ सभासद हवेत. नोटीस मी लावतो (सही, शिक्का, सगळं!), पण मे महिन्यात रविवार आला की अर्धी बिल्डिंग पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून भाताचा राब भाजायला गावी पळते. सगळे हमखास सापडतील असा एकच रविवार होता, आमच्या पल्लवीच्या साखरपुड्याचा. जेवण कोण सोडतो? मी गुपचूप नोटीस लावली. बायकोला सांगायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.)

त्या दिवशी पार्किंगमधल्या मांडवात, "पंगतीआधी दहाच मिनिटं!" म्हणत मी हजेरीचं रजिस्टर फिरवलं. बरोब्बर आठ सह्या! मी खूश होऊन वाचायला लागलो, "विषय पहिला : इमारतीतील गळती."

आमच्या खालच्या घरातल्या जयवंतीकाकू ताडकन उठल्या. "गळती कोणाची, ते पण वाच ना रे! तुझ्याच बाथरूमचा पाईप! तीन वर्षं माझ्या तांदळाच्या डब्यावर ठिबकतोय!"

शहापूरहून आलेल्या विहीणबाईंनी हातातला पेढा खाली ठेवला. "तीन वर्षं पाईप नाय बदलला? हा माणूस लग्नाचा शब्द काय पाळणार?"

पल्लवी रडवेली. बायकोकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी रजिस्टरात तोंड खुपसलं आणि गारच पडलो. आठवी सही व्याह्यांची!

"अहो, तुम्ही सही का केलीत?"

"पावण्यांची यादी वाटली मला!"

झालं! माझं मन मला खाऊ लागलं. "सभा बेकायदा आहे!" मी ओरडलो. "सभासद सातच आहेत! चूक माझी! पाईप माझा! आणि बायकोला न सांगता नोटीस लावणाराही मीच!"

मग व्याही खो-खो हसले. "अगो, भर मांडवात स्वतःची चूक सांगणारा माणूस आपल्याला काय फसवणार? तू पेढा खा!"

विहीणबाईंनी पेढा उचलला. "पण पाईप बदला हां, लग्नाआधी!"

लग्न थाटात झालं. पल्लवी शहापूरला मजेत आहे. व्याही फोनवर आधी पाईपची खुशाली विचारतात, मग माझी. मी लगेच कबुली देतो. त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पाईप तेवढा बदलायचा राहिलाय.

(राहिला नाही, टाळलाय.)