बावडीच्या दगडावरची शेवटची ओळ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरी होती, मग पेन्शनचे कागद अडले होते, मग वाटायला लागलं की आता कोणाला काय फरक पडतो. ही सगळी कारणं खोटी. मला भीती वाटत होती. ती अजूनही गेलेली नाही, पण वय असं झालंय की आता आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

मी जबलपुरात संस्कृत आणि जुने शिलालेख शिकवत असे. माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी होती, शहराच्या रांझी भागातली. वडील फॅक्टरीत, मूळ घर अमरावतीकडचं. वर्गात हिंदी बोलायची, माझ्याशी मात्र घरची मराठी. जुन्या लेखांमध्ये दान देणाऱ्या साध्या बायका, हा तिचा विषय. राण्यांवर सगळेच लिहून राहिले सर, म्हणायची, बाकीच्यांचं कोण पाहणार.

शहराच्या जुन्या गढा भागात एका बोळात बुजलेली बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. तिच्या कठड्यात बसवलेला लेखाचा दगड या मुलीने शोधला. शेजारच्या घरातली म्हातारी त्याला देव समजून रोज पाणी घालायची. अक्षरं इतकी झिजलेली की फक्त सकाळचं तिरपं ऊन पडलं की दिसायची. मुलगी मला तिथे घेऊन गेली आणि आम्ही दोघांनी उकिडवं बसून तो लेख वाचला. वरच्या ओळींत राजाची नेहमीची स्तुती. सगळ्यात खालची ओळ सांगत होती की ही बावडी एका तेल्याच्या बायकोने, नवरा गेल्यावर, वाटसरूंसाठी बांधवली. मुलीचा सगळा प्रबंध त्या एका ओळीवर उभा राहणार होता. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत खालचा भाग नुसता करडा आला. मी म्हणालो, ठसा घेऊ. दगडावर ओला कागद चिकटवून तो ब्रशने ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवायचा आणि वरून शाई फिरवायची. असा ठसा हातात असला की वाद उरत नाही.

आमच्याकडे चर्चासत्र जवळ आलं होतं. तिथे ती निबंध वाचणार होती आणि त्या सत्राचा अध्यक्ष मी होतो. नेमका तिला ताप आला. बरी झाले की सोबत जाऊ, तोवर थांबा, असा तिने निरोप दिला. मी थांबलो नाही. बाहेरून येणाऱ्या विद्वानांना माझ्या हातचा ठसा दाखवायचा होता, दुसरं काही नाही.

या कामात ब्रश लावण्याआधी बोटाच्या पेराने दगड वाजवून बघतात. टणक वाजला तर पुढे जायचं. पोकळ वाजला तर वरचा पापुद्रा सुटलेला असतो, मग त्याला हात लावायचा नाही. हे मीच वर्गात शिकवत आलो होतो. त्या सकाळी मी दगड वाजवला. वर टणक. खाली पोकळ. मला स्वच्छ ऐकू आलं. तरी मी कागद लावला आणि ठोकायला सुरुवात केली.

म्हातारी दारात येऊन उभी राहिली. "भैया, पत्थर को काहे पीट रहे हो? उसने तुम्हारा का बिगाड़ा?"

मी हसून काहीतरी बोललो. शाई फिरवून झाली. कागद सोडवताना खालच्या बाजूला तो जड लागला. उलटून पाहिलं तर कागदाला वाळूचा पातळ थर चिकटून आला होता, आणि बोट लागताच तो चुरा होऊन गळून पडला. ठशात त्या ओळीच्या जागी शाईचा नुसता डाग; ठोकतानाच अक्षरं चुरली होती. दगडावर, जिथे ती ओळ होती, तिथे ताज्या जखमेसारखा फिकट पट्टा. मग मी कागद बादलीत कुस्करून नालीत ओतला आणि बोळातली ओली माती त्या पट्ट्यावर चोळली, म्हणजे तो जुना दिसावा.

पापुद्रा निघाला ती चूक म्हणता येईल. मातीचं काय म्हणू?

मुलीला सांगितलं की ठसा जमला नाही, दगड ओलसर आहे. ती म्हणाली, "तुम्ही सोबत वाचलंय ना सर, मग झालं."

चर्चासत्राच्या पहिल्या दुपारी पाहुण्यांना बसमधून तो दगड दाखवायला नेलं. मी शेवटच्या सीटवर बसलो. रस्त्यात बस बिघडावी असं मला मनापासून वाटत होतं. बोळात म्हातारी दारातच होती, डोळ्यांवर हात धरून एकेकाचं तोंड निरखत होती. मी तिच्याकडे पाठ करून भिंतीवरचा विजेचा मीटर पाहत राहिलो. तिने एक हाक मारली असती, अरे हाच तो पत्थर पीटणारा, तर सगळं संपलं असतं. मुलगी दगडावर पाणी टाकून खालच्या भागावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. सकाळच्या उन्हात दिसेल, असं पाहुण्यांना सांगत होती. एक वयस्क प्राध्यापक गुडघ्यावर बसले, बोटाने चाचपलं आणि हात झटकत उठले.

दुसऱ्या दिवशी तिने निबंध वाचला. त्याच प्राध्यापकांनी माइक घेतला. आज सकाळी ऊन असताना मी पुन्हा जाऊन आलो, म्हणाले, आणि मग गोड आवाजात, "बेटी, तेलिन की बावड़ी में से तेल तो निकला ही नहीं." हॉल हसला. ती गडबडली नाही. तिने सांगितलं की ओळ होती, सरांनीही माझ्यासोबत वाचली आहे. आणि ती माझ्याकडे वळली.

माझ्यासमोर माइक होता. नखांच्या कडेला शाई अजून होती. मी हात टेबलाखाली घेतले आणि म्हणालो, "रोशनी कम थी. मुझे ठीक से याद नहीं." मग वेळ संपल्याचं सांगून पुढच्या वक्त्याला बोलावलं.

चहाच्या वेळी ती व्हरांड्यात आली. "सर, तुम्ही काहून असं बोलले? आपण दोघांनी वाचलं होतं ना?"

मी म्हणालो, कधी कधी जे हवं असतं तेच आपल्याला दिसतं. ती माझ्या हातांकडे पाहत होती. मी ते खिशात घातले. तिला काही कळलं की नाही, हे मला आजवर माहीत नाही, आणि खरी भीती तीच आहे.

ही मुलगी ओळी बनवते, असं विभागात बोललं जायला लागलं. मी ते ऐकून घेत असे. तिने काम सोडलं. रांझीत शिकवण्या घेते, असं नंतर कळलं. म्हातारी वारली, बावडीवर सिमेंटचा स्लॅब घातला गेला. ती ओळ वाचलेले आता आम्ही दोघंच.

काही वर्षांनी ती मला बडा फुहाऱ्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात भेटली. वाकून नमस्कार केला. तिने माझ्या पाया पडायला नको होतं, पण माझे पाय मागे सरले नाहीत. घरात आरशासमोर कितीदा म्हणून पाहिलेली वाक्यं अगदी तोंडाशी होती. मी विचारलं, वडील कसे आहेत. ती म्हणाली, "रिटायर झाले. बरे आहेत. चलो, येते सर." आणि पिशवी सावरत गर्दीत गेली.

मला म्हणायचं होतं: पोरी, ओळ होती. तू बरोबर वाचली होतीस. ती माझ्या हाताने गेली, आणि त्यानंतर मी तुलाही जाऊ दिलं. मला माफ कर.