गाडी थांबते तोवर

आमच्या वस्तीला नाव नव्हतं. गाव लांब आत, स्टेशन माळावर, आणि स्टेशनाभोवती जी घरं उठली त्यांना सगळा मुलूख नुसतं ‘टेसन’ म्हणायचा. आमची माणसं पूर्वेकडची, मेंढरं राखणारी. शाळा मी दुसरीपर्यंत केली. पुढं मास्तर आणि मी, दोघांतल्या एकालाच तिथं राहता येणार होतं. मास्तर राहिला.

वस्ती उठली ती गुळावर. गुऱ्हाळांतून बैलगाड्या ढेपा घेऊन यायच्या आणि आम्ही त्या पाठीवरून मालडब्यात चढवायचो. हमाल आले म्हणून चहाचं हॉटेल आलं, मग न्हावी, मग पिठाची गिरणी. गिरणीवाल्याला चांगल्या घरची पोरगी सांगून आली, तेव्हा कळलं की वस्तीला इज्जत आलीय.

करमणूक म्हणाल तर गाडी. कुणी सांगलीला निघालं की सगळी वस्ती पोचवायला फलाटावर. जाणारा एक, पोचवणारे दहा. गाडी दिसेनाशी होईस्तोवर हात हलवायचे, मग न्हाव्यापाशी बसून गेलेल्या माणसाची निंदा करायची. ही आमची रीत.

मग ट्रक थेट गुऱ्हाळाच्या दारात लागायला लागले. मालडबे बंद झाले. पोरांनी मोटारसायकली घेतल्या. स्टेशनमास्तर गेला आणि त्याच्या घरात बाभळी राहायला आल्या. दुसरी लाइन पडली, वर विजेच्या तारा आल्या. गाड्या वाढल्या, पण भांडलेल्या भावकीनं तोंड फिरवून जावं तशा समोरून जायच्या. एक पॅसेंजर तेवढी थांबायची.

माझा पोरगा मलकापुरात राहतो, लिफ्टच्या इमारतीत. तो बोलवायचा आणि माझी बायको त्याला साथ द्यायची.

‘‘आवं, हितं काय उरलंय? विंचू आन् तुमी. चला की पोराकडं.’’

शेवटी चारचौघांत मी सांगून टाकलं, ‘‘गाडी हितं थांबती तवर मी हलत न्हाई. ज्या दिवशी थांबायची बंद हुईल, त्या दिवशी मलकापूर. शब्द हाय माझा.’’

आमच्यात शब्द दिला की तो पाळावा लागतो, म्हणून शहाणी माणसं देत नाहीत.

पुढं बातमी आली की इथं कुणी चढत नाही, थांबा काढणार. त्याआधी एक साहेब बघायला येणार. मी गिरणीवाल्याला आणि न्हाव्याला कामाला लावलं. गावात सांगावा धाडला, गर्दी दिसली पाहिजे. आणि दिसली हो! म्हातारे फेटे बांधून, बायका ठेवणीतली लुगडी नेसून, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. साहेब खूश झाला. चहा घेतला.

गाडी आली. थांबली. कुणीच चढेना.

‘‘चढ की रं!’’ मी न्हाव्याला म्हणालो.

‘‘मी? मी पोचवाय आलोय,’’ न्हावी म्हणाला. ‘‘ह्यो गिरणीवाला जातोय न्हवं?’’

‘‘मी कशाला मरायला जातोय? मी ह्या गाववाल्यांस्नी पोचवाय आलोय.’’

गाववाले आम्हाला पोचवायला आले होते. मी स्वतः चढलो असतो, पण साहेबाशेजारी वस्तीचा म्हणून कुणी कळता माणूस नको? गार्डानं शिट्टी दिली. गाडी हलली आणि सवयीनं आम्ही सगळ्यांनी हात केले.

साहेबानं विचारलं, ‘‘कोण गेलं?’’

‘‘कोण न्हाई, साहेब.’’

‘‘मग हात कुणाला केलात?’’

‘‘गाडीला.’’

साहेब चष्मा पुसत बसला. माणूस भला असावा. पण थांबा गेला तो गेलाच.

पोरगा टेम्पो घेऊन हजर झाला. मी ट्रंक उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसलो. बायको दारातच उभी.

‘‘बस की,’’ मी म्हणालो.

‘‘मी कशाला? शब्द तुमी दिला, मी न्हाई.’’

‘‘आगं, रोज तूच तर माझ्या मागं लागायचीस!’’

‘‘तुमी हलत न्हाई हे म्हाईत हुतं, म्हणून म्हणत हुते. म्हस गाभण हाय. तिला काय लिफ्टनं वर चढवू?’’

पोरगा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. मला उतरता येईना. माझा शब्द चारचौघांनी ऐकलेला. गेलो.

मलकापुरात सगळं चांगलं आहे. खिडकीतून हायवे दिसतो. सून मायाळू आहे, नातू लिफ्टचं बटण मला दाबू देतो. तिथं मी तग धरला, किती ते सांगत नाही. मग म्हस व्याली असं कळलं आणि खरवस खायला म्हणून एसटीनं आलो.

बायको शेण काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘या पाव्हणं. किती दिस हायसा?’’

‘‘बघू. मी मलकापूरचा माणूस. मला तिकडं कामं असत्यात.’’

‘‘व्हय व्हय. च्या घेनार न्हवं?’’

तेव्हापासून मी इथं पाहुणा आहे. वैरण पाहुणाच कापतो, म्हशीची धारही पाहुणाच काढतो. कुणी विचारलं तर मलकापूरचाच पत्ता सांगतो, कारण शब्द म्हणजे शब्द. परवा बायकोनं विचारलं, ‘‘पाव्हणं, औंदा माळवं लावायचं का परसात?’’ मी म्हणालो, माळवं हाताशी येईस्तोवर राहीन म्हणतो.