हिरव्यावरचं निळ्यावर

आमच्या गावात माणूस गेल्याची खात्री डॉक्टरच्या दाखल्याने होत नसे, आण्णांच्या स्टेटसने होत असे. कुणाच्या घरातून रडण्याचा आवाज आला तरी लोक आधी खिशातला मोबाईल काढून बघत, आण्णांनी टाकलंय का. टाकलं असेल तर टोपी चढवून निघायचं, नसेल तर अजून वेळ आहे असं धरून गाईची धार काढून घ्यायची. देवळाली प्रवऱ्याच्या आसपासच्या गावांतल्या कित्येकांनी त्यांचा नंबर केवळ एवढ्यासाठी साठवून ठेवला होता. एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजीने माझी ओळख विचारली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, ही मयतीच्या बातम्यावाल्या आण्णांची सून. आजीबाई जरा मागे सरकून बसल्या.

आण्णा माझे सासरे. घरचा ऊस, दोन गाई आणि हे काम. "लगीन चुकलं तर चालतंय, माती चुकू न्हाई," असं ते म्हणायचे. आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात. त्यांची थोरली बहीण गेली तेव्हा निरोप्या वाटेत अडकला आणि आण्णा पोचले तोवर सगळं उरकून लोक घरी निघाले होते. ते दुःख त्यांनी कधी उगाळलं नाही. पण गेलेल्या माणसाची लेक लांब दिलेली असली, की स्टेटस टाकायच्या आधी तिला फोन करून कुठवर आलीस म्हणून विचारायचे आणि तिच्या पोचण्याच्या बेताने मातीची वेळ लिहायचे. त्या वेळेला पुढारीसुद्धा हात लावत नसत.

मजकूर त्यांचा स्वतःचा असे. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ हे तीन शब्द त्यांना अजिबात खपत नसत. समदेच मनमिळाऊ, मग कोर्टात तारखेला कोन जातं, असं विचारायचे. ते हातपाय धुऊन, टोपी घालून ओट्यावर बसत आणि गेलेल्या माणसाबद्दल एक तरी खरी गोष्ट शोधून काढत. गल्लीतल्या एका म्हातारीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्यातल्या अर्ध्या लोकांना जन्मल्यावर पहिली अंघोळ हिने घातली.' ते वाचून तिच्याशी भांडलेली माणसंही मातीला आली. फोटोची चौकट करायला, अक्षरं बसवायला मीच त्यांना शिकवलं होतं आणि महिन्याभरात ते माझ्यापेक्षा सफाईने करायला लागले.

एक खोड मात्र मी सोडवू शकले नाही. मोबाईलने काही विचारलं की आण्णा 'हो' दाबायचे. न वाचता. मी ओरडले तर म्हणायचे, "एवढं आदबीनं इचारतंय, त्याला न्हाई कशाला म्हनायचं?" अॅपची नावंही त्यांनी कधी घेतली नाहीत. ज्यावर स्टेटस टाकायचं ते हिरवं आणि ज्यावर जगभरातल्या सोयऱ्यांचे वाढदिवस कळतात ते निळं. आमच्या घरात अजून हीच नावं चालतात. नवा मोबाईल घेतला तेव्हा अशाच कुठल्यातरी 'हो'ने त्यांचं हिरवं आणि निळं एकमेकांना जोडलं गेलं होतं. हिरव्यावर टाकलेलं आपोआप निळ्यावरही जायचं. हे ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

कारभारीतात्या हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. दोघांची घरं एका गल्लीआड. संध्याकाळी डेअरीत दूध घातलं की तिथल्याच बाकावर दोघं अंधार पडेपर्यंत बसायचे. बोलणं थोडं, एकमेकांना शिव्या जास्त. त्या वर्षी तात्यांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना नगरला दवाखान्यात हलवलं. श्वासाला मशीन लावलं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की जवळच्यांना बोलावून घ्या. आण्णा तिथेच उभे होते. दुपारच्या गाडीने घरी आले, जेवले नाहीत, हातपाय धुतले, टोपी घातली आणि ओट्यावर मोबाईल घेऊन बसले.

तात्या गेले का? मी विचारलं, तर म्हणाले, अजून हाय, पर दुसऱ्या कुनी वंगाळ काय टाकण्यापरीस म्या नीट करून ठिवतो. मला ते आवडलं नाही, पण बापमाणसाला काय बोलणार. चष्मा कपाळावर सरकवून ते मधूनच डोळे पुसत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. फोटो जपून ठेवायला गेले आणि तो स्टेटसला गेला होता. पण लगेच कळलं आणि लगेच काढलाही, असं त्यांनी सांगितलं. मी माझ्या मोबाईलवर बघितलं, खरंच नव्हता. दोघा-तिघांनी पाहिला होता, त्यांना आण्णांनी एकेक करून फोन केले आणि माफी मागितली. मग मी चहा टाकला आणि दोघांनी तो सुटल्यासारखा प्यायला.

दिवस मावळायला आला असताना गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि हंबरडा ऐकू आला. तात्यांची बहीण जामखेडला दिलेली. तिच्या नातवाने निळ्यावर आण्णांनी टाकलेला तात्यांचा फोटो बघितला होता, हार घातलेला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेला. हिरव्यावरून काढला म्हणून तो निळ्यावरून निघाला नव्हता. आण्णांनी टाकलंय म्हटल्यावर खात्री करायला फोन करावा असंही कुणाला वाटलं नाही. जीप भरून माणसं रडत आली.

त्यात हिराकाकी, म्हणजे तात्यांची बायको, त्याच दिवशी अंघोळीपुरती दवाखान्यातून घरी आलेली. नणंदेचा आवाज ऐकून तिला वाटलं, पोराने आपल्याला सोडून आत्याला आधी कळवलं. मी धावत गेले तेव्हा ती उंबऱ्यावर बसून दोन्ही हात चौकटीवर आपटत होती. बांगड्यांचे तुकडे दारात पडले होते आणि मनगटातून रक्त येत होतं. कुणीतरी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, बाबा आहेत तसेच आहेत, डॉक्टर आत्ताच बघून गेले. मग नातवाने मोबाईल पुढे केला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जित्या नवऱ्याच्या नावाने बाईच्या बांगड्या फुटल्या होत्या आणि ते आमच्या घरातून झालं होतं. इतकी लाज मला तोवर आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी येऊन आधी मी निळ्यावरचा फोटो काढला. सकाळी मोबाईल घेऊन बसले, तेव्हा स्टेटसच्या सेटिंगमध्ये निळ्याचं खातं जोडलेलं सापडलं. मला हायसं वाटलं. मी आण्णांना म्हटलं, तुमचा शब्द खरा होता, तुम्ही खरंच काढला होता, आपण गावाला हे दाखवू. त्यांनी मान हलवली. "काढलं म्या, पर टाकलंबी म्याच ना? त्या निळ्याला कशाला मधी घालतीस." मी जोडणी तोडायला गेले, तर खातं काढायचं हे नक्की का, म्हणून मोबाईलने विचारलं. आण्णा पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "काल न्हाई इचारलं ह्यानं, नक्की का म्हनून." 'हो' मला दाबावं लागलं, त्यांनी बोट पुढे केलं नाही.

त्याच दुपारी सासूबाई, आण्णा आणि मी हिराकाकीकडे गेलो. सासूबाईंनी कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. आण्णांनी दारातच डोक्यावरची टोपी काढून उंबऱ्यावर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चारचौघांत बोडक्या डोक्याने पाहत होते आणि कुठे बघावं ते मला कळेना. काकीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला, सासूबाईंनी ओरखड्यांना जपून एकेक बांगडी चढवली. मग काकी म्हणाली, बघू तो फोटो. आण्णांनी मोबाईल काढून दिला. तिने तो लांब धरून निरखला.

"भावजी, ह्यो धाकल्याच्या हळदीतला फोटू हाय. ह्यांच्या शेजारी मी हुते," ती म्हणाली. "मला कापली व्हय?"

काकीनेच टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा आला, आण्णांच्या पुढ्यात त्यावर साय धरली, आणि आम्ही उठलो.

आणि तात्या जगले. वीसेक दिवसांनी काठी टेकत घरी आले, पार वाळून. सगळं गाव भेटून आलं, आण्णा गेले नाहीत. डेअरीत दूध घालायला त्यांनी माझ्या नवऱ्याला पाठवायला सुरुवात केली. स्टेटस बंद झालं. कुणी बातमी द्यायला आलं की फोन बिघडलाय म्हणायचे. त्यानंतर गावात जे गेले ते सगळे कष्टाळू, प्रेमळ आणि मनमिळाऊ निघाले, आणि एकीची लेक माती आटपल्यावर पोचली. ते कळलं त्या दिवशी आण्णा ओट्यावर आलेच नाहीत.

तात्या वाट बघून थकले आणि एका सकाळी स्वतःच आमच्या दारात आले. काठीचा आवाज ओळखून आण्णा मागच्या दाराने गोठ्यात गेले. जाताना मला हाताने खूण केली. सासऱ्यांसाठी खोटं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. आण्णा रानात गेलेत, मी म्हटलं. तात्यांनी दारातल्या चपलांकडे बघितलं.

"आनवानी गेला व्हय?" ते म्हणाले.

त्यांनी पाणी मागितलं, निवांत प्यायले आणि भांडं मला परत देताना म्हणाले, "आला की सांग, कारभारी आल्ता म्हनून. जिता हाय म्हनावं." मग काठी टेकत निघाले. कोपऱ्यावर दम खायला थांबले, तेव्हा मागे वळून बघतील या भीतीने मी दाराआड झाले.

गोठ्यात आण्णा कडब्याच्या पेंढ्यांमागे उभे होते. काय म्हनला, कसा दिसतोय, धाप लागती का, पानी दिलं का त्याला, एका दमात सगळं विचारलं. मी चिडले होते. म्हटलं, एवढी काळजी आहे तर समोर जायला काय झालं, चूक बोटाची होती, आणि ती तात्यांच्या मनातसुद्धा नाही.

"बोटाचं न्हाई गं पोरी," ते म्हणाले. "डॉक्टर बोलला आन म्या मनातनं सोडून दिला त्याला. ती हिरा तितं बसून देवाला हात जोडत हुती, आन म्या हितं त्याला हार घालत बसलो. त्यो श्वासासाठी झगडत हुता. आता कंच्या तोंडानं जाऊ?"

त्यांच्या अंगावरचं कडब्याचं कुसळ काढायचं निमित्त करून मी उभी राहिले. नंतर तात्या आणखी काही वेळा आले. प्रत्येक वेळी मी खोटं बोलले आणि प्रत्येक वेळी ते खोटं त्यांनी निमूट ऐकून घेतलं. चपला मात्र मी आत उचलून ठेवायला लागले. आज मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. दार धरून उभी राहिले असते, आण्णांचा हात धरून त्यांना पुढे आणलं असतं, तर ते काही मला मारणार नव्हते. पण सून म्हणून ऐकणं सोपं होतं.

आण्णा गेल्या थंडीत गेले. पहाटे गाईला वैरण टाकायला उठले आणि गव्हाणीपाशीच बसल्या जागी कलंडले. आम्ही कुणाला कळवायच्या आधी, कुठल्याही मोबाईलवर काही यायच्या आधी, सासूबाईंचा आवाज गल्लीआड गेला आणि अंगात नुसती बंडी असलेले तात्या काठी न घेताच आले. वाटेत दोनदा पडले म्हणे, गुडघे मातीने भरले होते. आण्णांना ओसरीवर घेतलं होतं. तात्या भिंत धरत धरत त्यांच्या उशाशी बसले आणि तोंडावरचं उपरणं स्वतःच्या हाताने बाजूला केलं. मग त्यांनी आण्णांच्या गालावर हळूच एक चापट मारली.

"आता कुठं पळशील, लेका?"