अक्रोडाचा दस्ता आणि टेप लावलेली खोली

बशीरचाचांचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. हर्णैकडचे बशीरचाचा सौदीत अल-खोबरला आमच्या वर्कशॉपचे स्टोअरकीपर होते. त्या सकाळी ते टेबलाच्या माझ्या बाजूला येऊन उभे राहिले नसते, तर माझं काय झालं असतं याचा विचार अजूनही करवत नाही.

टेबलाच्या पलीकडे अबू नासर. वर्कशॉपचे मालक आणि माझे कफील, म्हणजे माझा तिथला मुक्काम ज्यांच्या सहीवर चालायचा ते. समोर अरबीत लिहिलेला कागद. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

"नज्जार, साइन." नज्जार म्हणजे सुतार. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"काही नाही. बंदुकीला हात लावणारा शेवटचा माणूस तू, एवढंच."

मी पेन उचललं. खरं सांगतो, सही करणारच होतो. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता, मालकाला नाही म्हणायची छाती नव्हती. चाचांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"दत्ता, वाचता येतं का तुला ते?"

"नाही."

"मग गप उभा राहा."

आमच्याकडे निशाणेबाजीच्या रायफली ऑर्डरप्रमाणे तयार व्हायच्या. प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा, अशा. नळ्या आणि बोल्ट परदेशातून यायचे. माझं काम दस्त्याचं. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो आणि पुढे नळीखाली जातो तो भाग. सातवीत शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली रंधा धरला होता, तेवढ्यावर मी सौदीला आलो.

एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी दोन रायफली बनवल्या होत्या. नळी, बोल्ट, सगळं एकाच मापाचं. फरक दस्त्याचा. एकीला माझा अक्रोडाचा, दुसरीला बाहेरून आणलेला फायबरचा. दोन्ही चालवून बघायच्या आणि जिचा ग्रुप चांगला ती तो घेणार. ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडतात ते. आखातातली लढाई सुरू व्हायच्या आधी अक्रोडाचा ग्रुप इतका घट्ट होता, की अबू नासरनी ते कागदी टार्गेट ऑफिसात लावलं होतं.

आणि आता त्याच रायफलीची भोकं कागदभर फिरत होती. गिऱ्हाईक शुक्रवारी येणार होतं.

एरवी अशा वेळी मालक ओरडला असता आणि विषय संपला असता. पण दिवस वेगळे होते. सायरन वाजत होते, नाक्यानाक्यावर इकामे तपासत होते. रेंजवर गोळी चालवायची तर पोलिसांना आधी सांगावं लागे आणि एक शिपाई सोबत येऊन बसे. कोण कुठला, कोणाशी काय बोलतो, सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष. कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसणारे दोघे त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर बसले.

"ह्या दिवसांत कोणी हत्यार बिघडवलं तर मी ते पोलिसांना सांगायलाच हवं," अबू नासर म्हणाले.

"सांगा," चाचा म्हणाले. "पण स्टोअरची किल्ली माझ्याकडे. संशय घ्यायचा तर माझ्यापासून सुरू करा. आणि ओळीने घ्या, एकदम नको. दोन्ही रायफली शेजारी ठेवा. एकेक वस्तू बदलून बघा." मग त्यांनी खिशातून स्वतःचा इकामा काढून टेबलावर ठेवला. "तोवर हा तुमच्याकडे. पोरगा कुठे जात नाही, मीही नाही."

इकाम्याशिवाय बाहेर पडणं म्हणजे पहिल्याच नाक्यावर अडकणं. अबू नासरनी तो इकामा उचलून खणात टाकला. मग म्हणाले, "यल्ला, चला. रेंजवर."

शिपाई खुर्ची टाकून माझ्या मागे बसला. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला तरी तो पुढे वाकून बघे. अबू नासर स्वतः गोळी चालवत होते, त्यांचा हात पक्का होता. गोळ्या एकाच बॉक्समधल्या. आधी नेम धरायच्या दुर्बिणी अदलाबदल केल्या. अक्रोडाची भोकं तशीच भरकटलेली. मग मी दोन्ही रायफली खोलल्या आणि दस्त्यांची अदलाबदल केली. भरकटणारी नळी फायबरमध्ये बसवल्यावर सरळ मारायला लागली. चांगली नळी माझ्या अक्रोडात आली आणि बिघडली.

अबू नासर उठले. "नळी ठीक. बोल्ट ठीक. म्हणजे लाकूड. म्हणजे तू."

मी चाचांकडे बघितलं. ओळीने संशय घ्या म्हणाले, आणि ओळ येऊन थांबली माझ्यावर. हा माणूस नक्की कोणाच्या बाजूने आहे, असं क्षणभर मनात आलं.

"गार कशाला पडतोस?" चाचा म्हणाले. "लाकूड तुझं ना? मग बघ काय झालंय त्याला."

नळी आणि लाकूड यांच्यामध्ये बारीक फट ठेवायची असते. नळी कुठेही टेकली की गोळी सुटताना दबते आणि नेम ढळतो. मी सिगारेटच्या पाकिटातला कागद घेऊन त्या फटीत सरकवला. फायबरला तो टोकापासून मागपर्यंत आरामात गेला. अक्रोडाला पुढेच अडकला. लाकूड फुगून एका बाजूने नळीला चिकटलं होतं.

"पाणी लागलंय," मी म्हणालो.

"कोणी लावलं?" शिपायाने विचारलं.

परत कोण. रायफली ठेवायच्या त्या स्टोअरकडे आम्ही सगळे निघालो. चाचांनी कुलूप काढलं. स्टोअरला खिडकी नव्हती, म्हणून लढाई सुरू झाल्यावर गॅसच्या भीतीने अबू नासरनी तीच खोली सगळ्यांसाठी सुरक्षित ठरवली होती. एसी बंद करून त्यावर प्लास्टिक, फटींना टेप, दाराखाली ओले टॉवेल. सायरन झाला की सगळा वर्कशॉप मास्क लावून आत बसायचा. अक्रोडाची रायफल खालच्या फळीवर, दारालगत ठेवलेली असायची. फायबरची वर.

अबू नासर आत शिरले आणि त्यांचा चपलेचा पाय ओल्या टॉवेलवर पडला. ते थांबले. खाली बघितलं, फळीकडे बघितलं. वाकून टॉवेल उचलला आणि बाहेर नेऊन पिळला. टॉवेल रोज ओला ठेवायचा, हा हुकूम त्यांचाच होता.

"खलास," ते म्हणाले. शिपायाला चहा पाजून परत पाठवलं.

माझी माफी कोणी मागितली नाही, आणि मी अपेक्षाही केली नव्हती. चाचांना इकामा परत मिळाला. तो अरबी कागद मात्र अबू नासरनी फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. तो खिसा मी नंतर कितीतरी दिवस बघत होतो.

दस्ता कोरड्या खोलीत वाळवला, फट पुन्हा तासली, बाहेरून होतं तसं आतूनही तेल देऊन वर लाखेचा हात दिला. गिऱ्हाइकाने शेवटी फायबरचीच घेतली. ओल लागलेलं लाकूड त्याला नको होतं. माझ्या इकाम्यावर सही झाली, त्याच आठवड्यात, काही न बोलता.

तेव्हापासून काही बिघडलं की खोलीत काय बदललं ते आधी बघतो. खोलीत कोण आलं होतं, ते मागाहून.

बशीरचाचा आता गावी असतात. घराला नवीन दारं-खिडक्या करायच्या राहिल्यात, असा निरोप कोणाकडून तरी आला. चाचा, दुसऱ्या सुताराला बोलावू नका. मला सुट्टी मिळू दे, मी अवजारं घेऊन येतो. लाकूडही माझं आणि हातही माझे.