चौकटीवरची पुरचुंडी

वसई पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात माझ्या सेवेची अखेरची वर्षे गेली. त्या काळातील एक चोरी अजून तपशिलासह लक्षात आहे. चोरीला गेला होता एका मोठ्या सागवानी चौकटीचा आणि चार दारांचा ऐवज.

गोखिवऱ्यातील एका चाळवस्तीत समाजकेंद्र उभे राहत होते. खाली बालवाडी आणि दवाखान्याची खोली, वर महिलांचा शिवणवर्ग. जागा महापालिकेची होती. बांधकामाचा मोठा खर्च एक विश्वस्त संस्था करत होती. अट एवढीच, की वस्तीनेही आपला वाटा उचलावा. वस्तीच्या वाट्याला दारे आली. त्यासाठी घराघरांतून महिनोन्महिने वर्गणी निघाली. दारे बसल्यावर संस्थेचा अधिकारी पाहणी करणार आणि नळजोडणी, शौचालये व दवाखान्याचे सामान यांसाठी शेवटचा हप्ता मिळणार, असे ठरले होते. पाहणी शुक्रवारी होती. ती मुदत हुकल्यास रक्कम दुसऱ्या शहरातील कामाकडे वळवली जाईल, असे पत्रात स्पष्ट लिहिले होते.

सोमवारी सकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षा ठाण्यात आल्या. जवळच्याच पॅकिंगच्या कारखान्यात त्या काम करत. कामाचा निळा कोटही अंगावर तसाच होता.

"साहेब, चौकट गेली. चारी दारं पण गेली."

"संशय कोणावर?"

"मी कोणाचं नाव घेऊ? प्रत्येक दारात जाऊन मी वर्गणी मागितली. आता लोक म्हणणार, बाईनंच विकून खाल्ली."

गुन्हा नोंदवून मी हवालदारांना घेऊन जागेवर गेलो. चौकट शनिवारी पूजा करून उभी केली होती. तिच्या लोखंडी पकडी भिंतीत सिमेंटने भरायच्या राहिल्या होत्या. त्यामुळे ती काढणे सोपे गेले. चारी दारे तर अजून बसवायची म्हणून आत भिंतीला टेकवून ठेवलेली होती. गल्लीत कॅमेरा नव्हता. पंचनाम्यात गेलेल्या वस्तूंची मापे लिहिली आणि परतलो.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. रविवारी वस्तीच्या तोंडाशी भंगारवाल्यांचा टेम्पो बराच वेळ उभा होता, असे तो म्हणाला. टेम्पो शोधून तिघांना आणले. संध्याकाळपर्यंत प्रश्न विचारले, जबाब ताडून पाहिले. टेम्पोचा अॅक्सल तुटला होता, आणि तो दुरुस्त करणारा मेकॅनिकही तेच सांगत होता. तिघांना सोडून दिले. एक दिवस वाया गेला होता.

मंगळवारी सकाळी पंचनाम्याचे फोटो पुन्हा पाहताना हवालदार थबकले. ते गिरीजच्या वाडीवाल्या कुटुंबातले, मोजके बोलणारे.

"साहेब, ही पुरचुंडी बघा."

चौकट बसवताना तिच्या माथ्यावर पिवळ्या फडक्यात धान्य, हळकुंड, सुपारी आणि नाणे बांधून ते खिळ्याने ठोकतात. ती पुरचुंडी फोटोत होती. खिडकीच्या कट्ट्यावर वीट, विटेवर विड्याचे पान, आणि पानावर पुरचुंडी. शेजारी तिचे दोन खिळे ठेवलेले, सरळ, एकही न वाकवता उपटलेले. काल आम्ही तिच्याकडे पूजेचे साहित्य म्हणून पाहिले होते. नोंदही केली नव्हती.

"चोर चपला काढून आत आला होता म्हणायचं," हवालदार म्हणाले.

भंगारवाल्याने ती चौकटीसकट नेली असती किंवा भिरकावली असती. हा माणूस त्या पूजेला मानणारा होता, आणि खिळा कसा काढायचा हे त्याच्या हाताला ठाऊक होते. वस्तीत राहणारा सुतार एकच होता. चौकट त्यानेच घडवली होती, त्यानेच बसवली होती.

त्याला बोलावले. चोरीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. चहा मागवला आणि फोटो पुढे ठेवला.

"मिस्त्री, ही कोणी काढून ठेवली?"

त्याने फोटो जवळ ओढला. चहाला हात लावला नाही.

"पायदळी आली असती, साहेब," तो म्हणाला.

पुढचे सगळे त्याने आपणहून सांगितले. त्या भूखंडावर एका जागादलालाचा डोळा होता. केंद्र अर्धवट राहिले की जागा पुन्हा मोकळी करून घेता येईल, असा त्याचा हिशेब. त्याने सुताराला पैसे दिले आणि सांगितले, आठवडाभर उशीर कर, मग दारे परत आण.

"आणि तुम्हाला खरं वाटलं?" हवालदारांनी विचारले.

"वाटून घेतलं," सुतार म्हणाला.

कामणच्या एका गोदामात ताडपत्रीखाली सगळा माल मिळाला. दलालालाही अटक झाली. पण आता तो माल मुद्देमाल होता, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय मुद्देमाल परत देता येत नाही. अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे दारं सापडली, पण ठाण्यात. आमचं काम तिथंच."

बुधवारी दोघांना न्यायालयात हजर केले, त्याच वेळी मुद्देमाल ताब्यात मिळण्यासाठी मंडळाचा अर्जही सादर झाला. पाहणीची तारीख मी अहवालात ठळक लिहिली होती. सुताराला त्याच दिवशी जामीन मिळाला. गुरुवारी दुपारी आदेश आला. सुपूर्दनाम्यावर सही करून अध्यक्षांनी टेम्पो भरला, आणि मग सरळ सुताराच्या घरी गेल्या. बायका चिडल्या. अध्यक्षांनी उत्तर दिले, "दुसरा मिस्त्री येऊन माप घेईपर्यंत शुक्रवार उजाडेल. ज्यानं काढली त्यानंच बसवायची."

चौकट उभी राहिली, तेव्हा मी तिथे होतो. अध्यक्षांनी पुरचुंडी सुताराच्या हातात दिली.

"घ्या मिस्त्री. सांभाळून ठेवलीत ना? आता सांभाळून बांधा."

त्याने दोन खिळे मारून ती चौकटीच्या माथ्यावर ठोकली. शुक्रवारी अधिकाऱ्याने चारही दारे उघडून, लावून पाहिली आणि अहवालावर सही केली. हप्ता आला.

पंचनाम्यात काय गेले ते लिहायचे, हे आम्हाला शिकवलेले असते. चोराने काय मागे ठेवले तेही लिहा, असे त्यानंतर हाताखालच्या प्रत्येक उपनिरीक्षकाला मी सांगत आलो. परत मिळवलेला पुष्कळसा मुद्देमाल ठाण्याच्या आवारात गंजताना, कुजताना मी पाहिला आहे. ही चौकट मात्र आपल्या जागी परत गेली. मागच्या महिन्यात तिथे जाणे झाले. बालवाडी सुटायची वेळ होती, आणि दारापुढे मुलांच्या एवढ्या चपला होत्या, की आत जायला मला वाट काढावी लागली.